‘रिस्पॉन्सिबल टू’ की ‘रिस्पॉन्सिबल फॉर’? आपल्या पोरांना हे माहीत असलेच पाहिजे!



इंग्रजी विशेषणानंतर कोणते प्रिपोझिशन लावायचे, यावर स्पर्धा परीक्षेत हमखास मार्क जातात. कळमेश्वरच्या एमआयडीसीत राबणाऱ्या बापाचा पोरगा ‘सीनियर दॅन’ लिहितो, कारण मराठीत आपण ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘सीनियर टू’. ‘गणितात हुशार’ म्हणून तो ‘गुड इन’ लिहितो, तिथे ‘गुड ॲट’ लागते. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितो, तिथे ‘मॅरीड टू’ हवे. ही चूक बुद्धीची नव्हे. पोरगा आपल्या मायबोलीच्या हिशोबाने चालतो आणि इंग्रजीची वहिवाट निराळी आहे, एवढेच.

पण मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला या एका ‘दॅन’वर गालात हसतो आणि त्यालाच ‘मेरिट’ म्हणतो. ज्यांच्या घरात चार पिढ्यांपासून इंग्रजी आहे, त्यांनी पहिल्या पिढीच्या पोराला हसावे, यात कसले मेरिट? कालपर्यंत संस्कृतचे दार बंद होते, आज इंग्रजीच्या दारात पहारेकरी उभा केला आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्यातलीच आहे. ‘अर्थ पोहोचला ना, मग टू काय आणि फॉर काय!’ असे सांगणारे कार्यकर्ते पोरांचे नुकसान करतात. त्यांनी संविधानाची इंग्रजी प्रत उघडावी. अनुच्छेद 75(3) प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला ‘रिस्पॉन्सिबल टू’ आहे, म्हणजे लोकसभा जाब विचारेल आणि मंत्री उत्तर देतील. तिथे ‘फॉर’ घाला, मंत्रीच लोकसभेचे पालक होऊन बसतील! अनुच्छेद 13 मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायद्यांसाठी ‘इनकन्सिस्टंट विथ’ आहे. जातीवरून कुणी सरकारी नोकरीला अपात्र ठरणार नाही, हे सांगताना 16(2) मध्ये ‘इनएलिजिबल फॉर’ आहे. अनुच्छेद 25 मध्ये ‘एन्टायटल्ड टू’ आहे. आपले हक्क या बारक्या शब्दांवर उभे आहेत.

1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणात बदल मागितले. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ज्यांचा नेता स्वल्पविरामासाठी अडून बसला, त्यांनी प्रिपोझिशनला क्षुल्लक म्हणावे?

कळमेश्वरहून नागपूर खंडपीठ लांब नाही, पण तिथले कामकाज अनुच्छेद 348 प्रमाणे इंग्रजीत चालते. एखाद्या घरकुलाची फाइल अडली, तर ग्रामसेवक कुणाला उत्तरदायी आहे ते ‘टू’ने आणि कशाला जबाबदार आहे ते ‘फॉर’ने लिहावे लागते. दोन्ही नेमके लिहिले, तर साहेबाला पळवाट उरत नाही. वकील लिहील म्हणून सोडून दिले, तर वकिलाने काय लिहिले हे तपासणार कोण?

यासाठी महागड्या क्लासची गरज नाही. दोनशे जोड्यांची यादी घोकूनही उपयोग नाही, ती परीक्षेनंतर विसरते. संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवा. दर रविवारी विहारात वंदनेनंतर पाच विशेषणे घ्या, प्रत्येकाचे प्रिपोझिशन शब्दकोशात पाहा आणि आपल्या वस्तीच्या प्रश्नावर एकेक वाक्य लिहा. चुकणाऱ्याला हसायचे नाही, हा पहिला नियम.

सुरुवात ‘अँग्री’पासून करा. माणसावर राग असेल तर ‘अँग्री विथ’, गोष्टीवर असेल तर ‘अँग्री अबाउट’. आपला राग कुणावर आणि कशाबद्दल, हे ज्या चळवळीला नेमके सांगता येते, तिला कुणी वाटेला लावू शकत नाही.

जय भीम! जय संविधान!