लिनक्सचा नवा कर्नल बाहेर येण्याआधी तपासतं कोण? 'वापरू नका' असं नाव पडलेल्या आवृत्तीची गोष्ट

३ मार्च २०२१. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जगभरातल्या कर्नल डेव्हलपरना एक इशारा पाठवला. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः जाहीर केलेली '५.१२-आरसी१' ही चाचणी आवृत्ती कुणी वापरू नये, असा. नुसता इशारा देऊन ते थांबले नाहीत. कोडच्या भांडारात त्या आवृत्तीला दिलेलं नावच त्यांनी बदललं आणि त्याला 'डोन्टयूज', म्हणजे 'वापरू नका', असं शेपूट जोडलं.

कारणही तसंच होतं. ठरावीक पद्धतीची मांडणी असलेल्या कॉम्प्युटरवर ही आवृत्ती चालवली, तर डिस्कवरचा डेटा खराब होत होता. एखादी फाइल उघडत नाही एवढ्यावर हे थांबणारं नव्हतं. अख्खी फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवहीच, बिघडू शकत होती.

चाचणी आवृत्तीत चुका असणारच, त्या सापडाव्यात म्हणून तर ती काढतात, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण या प्रकरणातून एक वेगळा प्रश्न पुढे आला आणि तो आजही सुटलेला नाही. लिनक्सची नवी आवृत्ती सगळ्यांच्या हाती पडण्याआधी ती नेमकी कुणाच्या कॉम्प्युटरवर तपासली जाते?

दर नऊ-दहा आठवड्यांनी काय घडतं?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कुठे लिहायचं, वायफायच्या चिपशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतात. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या 'टॉप५००' यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काहीच नाही. त्यामुळे 'आपण कुठे लिनक्स वापरतो' असं म्हणणारी व्यक्तीही दिवसभरात लिनक्सला बऱ्याचदा हात लावून येते.

या कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते. त्यातले पहिले दोन आठवडे 'मर्ज विंडो'चे. जगभरातून आलेले हजारो बदल या काळात टोरवाल्ड्स मुख्य कोडमध्ये घेतात. एका आवृत्तीत असे साधारण १२ ते १५ हजार बदल असतात आणि ते करणारे लोक दोन हजारांच्या आसपास. दोन आठवडे संपले की दार बंद. त्या रविवारी 'आरसी१' येते. आरसी म्हणजे रिलीज कॅन्डिडेट, बाहेर पडण्यासाठी उमेदवार असलेली आवृत्ती. त्यानंतर नवीन सुविधा घ्यायच्या नाहीत, फक्त चुका दुरुस्त करायच्या. दर रविवारी एक नवी आरसी येते आणि सातवी किंवा आठवी झाली की अंतिम आवृत्ती जाहीर होते.

म्हणजे जवळपास दोन महिने हा कर्नल कुणालाही उतरवून घेता येतो, चालवता येतो, त्यातल्या चुका कळवता येतात. परीक्षेआधी पेपर चव्हाट्यावर लावून ठेवावा, तसंच काहीसं. तो वाचायला किती जण येतात, हा मुद्दा आहे.

तो बग नेमका काय होता?

कॉम्प्युटरची रॅम भरली की कर्नल त्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवतो. याला 'स्वॅप' म्हणतात. ओट्यावर जागा उरली नाही की रोज न लागणारे डबे माळ्यावर टाकतात, तसं. स्वॅपसाठी जागा दोन प्रकारे राखता येते. डिस्कचा एक वेगळा विभागच तोडून द्यायचा, म्हणजे 'स्वॅप पार्टिशन'. किंवा आपल्या बाकीच्या फाइल जिथे असतात त्याच विभागात एक मोठी फाइल बनवून ती स्वॅपसाठी वापरायची, म्हणजे 'स्वॅप फाइल'.

५.१२ च्या मर्ज विंडोमध्ये स्वॅपच्या कोडची थोडी साफसफाई झाली. हेतू चांगला होता, कोड सुटसुटीत करणं. पण त्या बदलात एक हिशेब सुटला. स्वॅप फाइलमध्ये लिहिताना ती फाइल डिस्कवर कुठे सुरू होते, हे धरूनच जागा मोजायला हवी. नव्या कोडने ते धरलंच नाही. सोसायटीतल्या 'सी' विंगमधल्या तिसऱ्या फ्लॅटचं पार्सल विंग न बघता गेटपासून तिसऱ्या घरात टाकून यावं, असा हा प्रकार. त्या घरात आधीच कुणीतरी राहतंय, हे पार्सलवाल्याच्या गावी नाही.

स्वॅप पार्टिशन असेल तर काहीच बिघडत नव्हतं, कारण तिथे विभागाची सुरुवात हीच स्वॅपची सुरुवात. स्वॅप फाइल असेल तर मात्र कर्नल भलत्याच जागी लिहीत सुटायचा, आणि त्या जागी तुमचे फोटो असोत की फाइल सिस्टीमची नोंदवही, त्याला फरक पडत नव्हता.

या बगचा त्रासदायक भाग असा की तो लगेच दिसत नाही. रॅम भरपूर असेल आणि स्वॅपची वेळच आली नाही, तर कॉम्प्युटर दिवसभर सुरळीत चालतो. रॅम भरली की नुकसान सुरू होतं आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग तो आधीच का दिसला नाही?

टोरवाल्ड्स यांनी त्या इशाऱ्यातच सांगितलं होतं की त्यांना स्वतःला याची झळ बसली नाही, कारण त्यांच्याकडे स्वॅप पार्टिशन आहेत. बहुतेकांचं तसंच असावं, असा त्यांचा अंदाज होता. इथेच खरी गोम आहे. कर्नल लिहिणाऱ्यांचे कॉम्प्युटर साधारण एका घडणीचे असतात. भरपूर रॅम, वेगवान डिस्क, हाताने नीट आखलेले विभाग. बाहेरच्या जगात तसं नसतं. लिनक्सच्या सर्वांत लोकप्रिय वितरणांपैकी एक असलेलं उबुंटू १७.०४ या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये स्वॅप फाइलच बनवतं. म्हणजे उबुंटू वापरणाऱ्यांसाठी जी गोष्ट नेहमीची, ती कर्नल बनवणाऱ्यांच्या टेबलावर अपवादाची होती.

त्या मर्ज विंडोच्या काळात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हिमवादळ झालं आणि टोरवाल्ड्स यांच्या घरी सहा दिवस वीज नव्हती. तरीही आरसी१ ठरल्या रविवारी, २८ फेब्रुवारीला आली. गोष्ट रंगवायला हे वादळ सोयीचं असलं, तरी बगचं खापर त्यावर फोडता येत नाही. वीज असती तरी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो दिसला नसताच.

दुरुस्ती मोजक्या ओळींची होती आणि ती पटकन झाली. पुढची आरसी रविवारची वाट न बघता शुक्रवारी, ५ मार्चलाच काढण्यात आली. अंतिम ५.१२ आवृत्ती २५ एप्रिलला आली, तेव्हा हा बग त्यात नव्हता. त्या अर्थाने चाचणीची व्यवस्था चालली. ज्यांनी आरसी१ लगेच चालवली आणि ज्यांच्या डिस्कला फटका बसला, त्यांच्यामुळे चालली.

तरीही नाव बदलायची वेळ का आली? कारण आरसी१ हा पुढच्या कामाचा पाया असतो. अनेक डेव्हलपर तिथूनच आपल्या नव्या कामाची फांदी काढतात. पायातच बग असेल, तर त्या प्रत्येक फांदीत तो राहतो. काही महिन्यांनी कुणी जुना दोष शोधायला कोडच्या इतिहासात मागे जाईल, नेमका त्या फांदीवर उतरेल आणि स्वतःची डिस्क गमावून बसेल. कोणीही या आवृत्तीवरून नवं काम सुरू करू नये, हे टोरवाल्ड्स यांना मुख्यतः सांगायचं होतं.

हे काम यंत्रं करू शकत नाहीत का?

बरंचसं करतात. इंटेलची 'कर्नल टेस्ट रोबो' ही व्यवस्था डेव्हलपरनी पाठवलेले बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधीच वेगवेगळ्या मांडण्यांत बांधून बघते आणि चूक दिसली की ईमेल धाडते. गूगलचा 'सिझबॉट' कर्नलला सतत उलटसुलट आज्ञा देत राहतो, कुठे कोसळतो ते बघायला. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचा 'कर्नलसीआय' प्रकल्प वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या खऱ्या हार्डवेअरवर नवे कर्नल सुरू करून पाहतो. 'लिनक्स-नेक्स्ट' नावाच्या शाखेत तर पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल मर्ज विंडो उघडण्याआधीच एकत्र करून त्यांचं एकमेकांशी जमतं का, हे बघितलं जातं.

पण कर्नलच्या कोडमध्ये आज सुमारे चार कोटी ओळी आहेत आणि त्यातला मोठा भाग ड्रायव्हरचा, म्हणजे वेगवेगळ्या उपकरणांशी बोलणारा. आठ वर्षं जुना लॅपटॉप, त्याला लावलेला भलत्याच कंपनीचा वायफाय डोंगल, झाकण बंद केल्यावर झोपणारी आणि उघडल्यावर न उठणारी स्क्रीन, या जोड्या कुठल्या प्रयोगशाळेत मांडून ठेवणार? त्या लोकांच्या घरीच असतात.

आणि लोक थांबतात. आधी दुसऱ्या कुणीतरी चालवून बघू दे, मग आपण घेऊ, हा विचार शहाणपणाचा आहे. सगळ्यांनीच तो केला तर चाचणीचे दोन महिने कोरडे जातात आणि चुका अंतिम आवृत्तीनंतर सापडतात. १३ डिसेंबर २०२० रोजी ५.१० ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आली. दुसऱ्याच दिवशी ५.१०.१ काढावी लागली. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या 'रेड' पद्धतीशी संबंधित दोन बदल मागे घ्यायचे होते. सात आरसी होऊन गेल्या होत्या, तरी तो प्रश्न अंतिम आवृत्तीपर्यंत पोहोचलाच.

चाचणी झालेला बदलही दुसऱ्या जागी लावला की बिघडू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या वितरणाला आपली १२.३ ही सुधारित आवृत्ती ऐनवेळी रोखावी लागली. मुख्य कर्नलमध्ये नीट चालणारा एक बदल जुन्या ६.१ मालिकेत आणला गेला, पण तो ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होता तो आणायचा राहिला. परिणामी ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ फाइल सिस्टीमवरचा डेटा खराब होण्याचा धोका तयार झाला. डेबियनने १० डिसेंबरला थेट १२.४ काढून सुटका करून घेतली. या जुन्या मालिकांच्या दुरुस्त्याही बाहेर पडण्याआधी तपासणीसाठी ठेवल्या जातात. त्यासाठी मिळणारा वेळ मात्र महिन्यांत नाही, तर दोन-तीन दिवसांत मोजावा लागतो.

लिनक्सबाहेरचं उदाहरण तर अजून ताजं आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते त्याच दिवशी. ते अपडेट आधी थोड्यांना देऊन बघितलं गेलं नव्हतं, सगळ्यांना एकदम गेलं. आरसीचे दोन महिने कशासाठी असतात, हे त्यावरून कळतं.

सामान्य माणसाला यात भाग घेता येतो का?

येतो, आणि त्यासाठी कोड लिहिता यायला हवा असं नाही. फेडोराच्या 'रॉहाइड' शाखेत आरसी कर्नल तयार मिळतात, उबुंटूसाठीही मुख्य कर्नलच्या तयार प्रती असतात. फेडोरा नव्या कर्नलसाठी खास चाचणी सप्ताहही घेतं. नवा कर्नल टाकला तरी जुना पुसला जात नाही. कॉम्प्युटर सुरू होताना येणाऱ्या मेनूतून तो पुन्हा निवडता येतो.

मात्र ५.१२ च्या बाबतीत हा मेनू कामाला आला नसता. जुना कर्नल सुरू होईल, खराब झालेली डिस्क त्याने दुरुस्त होणार नाही. म्हणून बॅकअप आधी, तोही वेगळ्या डिस्कवर आणि ती डिस्क काढून ठेवलेली. ज्या लॅपटॉपवर उद्याचं सबमिशन आहे किंवा दुकानाचा हिशेब आहे, त्यावर हा प्रयोग नकोच. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप जास्त कामाचा, कारण तसं हार्डवेअर डेव्हलपरकडे नसण्याची शक्यता जास्त. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणं सुरक्षित आहे, पण तिथे खरं वायफाय नसतं, खरी बॅटरी नसते, त्यामुळे ड्रायव्हरच्या चुका फारशा हाती लागत नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल सुरूच होणार नाही. ग्राफिक्स कार्डचा बंद स्रोताचा ड्रायव्हर लावलेला असेल तर तक्रारीकडे डेव्हलपर सहसा लक्ष देत नाहीत, कारण दोष त्या ड्रायव्हरचा की कर्नलचा, हे त्यांना बाहेरून तपासता येत नाही.

तक्रार कशी करावी, याचं उत्तर एका शब्दात आहे: रिग्रेशन. कालच्या आवृत्तीत चालत होतं आणि आजच्या आवृत्तीत चालत नाही, असं दाखवता आलं तर त्या तक्रारीला कर्नलच्या जगात मोठं वजन आहे. वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम मोडायचं नाही, हा टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक नियम आहे. कोणत्या बदलाने मोडलं हेही शोधता येतं. त्यासाठी 'गिट बायसेक्ट' नावाची सोय आहे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगितली की ती मधला बदल काढून देते. तो चालतो की नाही बघायचं, उरलेल्यांतला पुन्हा मधला घ्यायचा. १३ हजार बदलांतून एक बदल पकडायला साधारण १४ फेऱ्या पुरतात. जुन्या लॅपटॉपवर एकेका फेरीत कर्नल बांधायला तास-दीड तास सहज जातो, म्हणजे शनिवार-रविवार त्यात गेलाच समजा.

त्यानंतर जी दुरुस्ती होते, तिच्यासोबत कोडच्या इतिहासात एक ओळ कायमची जोडली जाते. दोष कळवणाऱ्याचं नाव 'रिपोर्टेड-बाय' या शब्दांपुढे, दुरुस्ती चालवून बघणाऱ्याचं 'टेस्टेड-बाय' पुढे. मानधन वगैरे काही नसतं.