थोरल्यांची धास्ती

बारशाला आलेली मंडळी दारातून थेट पाळण्याकडे जातात. झबली-टोपड्यांचा ढीग पडतो. चार वर्षांच्या ताईच्या वाट्याला येतं एकच वाक्य: ‘आता तू मोठी झालीस हं!’ त्याच आठवड्यात ती पुन्हा अंथरूण ओलं करू लागते, भरवल्याशिवाय जेवत नाही, शाळेच्या फाटकाशी आईचा पदर सोडत नाही. घरचे म्हणतात, लाडावलीय. खरं तर ती धास्तावलेली असते.

पहिलं मूल असं ‘पदच्युत’ होतं, हे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी फार पूर्वी मांडलं. पण म्हणून भावंडांचं वाकडं येणारच, असं नाही. ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी केंब्रिजमधल्या ४० कुटुंबांचा बाळाच्या जन्माआधीपासून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. ‘का रडत असेल गं हा? भूक लागली असेल?’ असं थोरल्या मुलाशी बाळाच्या मनाबद्दल बोलणाऱ्या घरांत भावंडांचं पुढे अधिक जमलं, असं त्यांना आढळलं.

या अंकातले लेख याच अंगाने जातात. सांगणं थोडकं आहे: थोरल्यांना शहाणपणाची सक्ती नको, तुलना नको. रोज थोडा वेळ आई किंवा बाबा फक्त त्यांचे असावेत. झोप, जेवण, शाळा यांचं गाडं बरेच आठवडे रुळावर आलं नाही, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना जरूर भेटा. ‘होईल आपोआप ठीक’ म्हणत थांबू नका.