चाळीस टक्क्यांचे दुखणे

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचे रडगाणे कशाला, असे आमच्या घरातूनच विचारणे झाले. पण वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजनाच्या आधीच आमच्या ओसरीवर एक वही येऊन पोचली आहे. तिची हकीकत सांगितल्यावाचून मला करंजी गोड लागायची नाही.

मी खामगावचा, पेन्शनीत निघालेला कारकून. सारा जन्म लोकांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेला. आता प्रायश्चित्त म्हणून लोकांचे अर्ज लिहून देतो. गेल्या वर्षीच्या श्रावणात एक बाई मुलीला घेऊन आल्या. गाव जळगाव जामोद तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. कापसाच्या हंगामात त्या इथे जिनिंगमध्ये रोजंदारीला येतात. मुलगी विशीची, नाकीडोळी नीटस. हातात अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते आणि त्यावर टक्केवारी होती चाळीसच्या खाली.

"भाऊ, पोरगी आपल्या पायानं चालत गेली ना तपासणीले, म्हून कमी लिवलं. लंगडी असती तं बरं होतं का मंग?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर पहिल्या नजरेत मलाही ती पोर आजारी वाटली नव्हती.

तिला सिकलसेल. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे कोणी मुसळाने कुटावीत तशा कळा येतात. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून हा दोष आला तरच माणूस आजारी पडतो. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हे दुखणे पुष्कळ. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अंगमेहनत, काहीही निमित्त पुरते. आज अंगण सारवणारी पोर उद्या खाटेवर तळमळत असते. चार दिवसांनी पुन्हा उभी! दुखणे जन्माचे, पण दिसते मात्र वाईट दिवसांतच. आणि तपासणीची तारीख नेमकी चांगल्या दिवशी पडते.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. रक्ताचे आजार त्यात नव्हतेच. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार झाले एकवीस. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे तिन्ही त्यात आले. कायद्याने दार उघडले खरे, पण उंबरठा ठेवला चाळीस टक्क्यांचा. त्याच्या खाली राहिले की बहुतेक सवलती हुकल्या. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसेदेखील त्याच आकड्यावर अडतात. शहरातल्या घरी महिन्याच्या त्या रकमेत किराणाही भरायचा नाही. पण ज्या घरात रोज मोडला की चूल मोडते, तिथे तीच रक्कम म्हणजे औषध, दूध आणि दवाखान्याची वाट.

मी विचारले, "तपासणीला कागद कोणते नेले होते?" बाईंनी एकच दाखवला, रक्ततपासणीचा. म्हणजे डॉक्टरांपुढे एक कागद आणि एक दिवस! त्यांना तरी दोष कसा द्यावा? बाकीचे कागद कुठे? काही ट्रंकेत, काही देवाच्या फोटोमागे, आणि दोन तर भाकरीच्या टोपल्याखाली अंथरलेले!

मग आम्ही शंभर पानी वही घेतली. कधी दाखल केले, किती दिवस ठेवले, रक्ताच्या किती पिशव्या चढल्या, परीक्षा कोणती बुडाली, सारे तारीखवार मांडले. दोन वर्षांत सात वेळा दाखल, चार वेळा रक्त. ज्या नोंदींचे कागद नव्हते, त्यांच्या नकला त्या त्या दवाखान्यातून मागून आणल्या. मुलगी स्वतःच लिहीत होती. लिहिता लिहिता म्हणाली, "काकाजी, इतकं झालं होतं हे मलेच ठाऊक नव्हतं."

अपिलाला मुदत आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे निर्णयाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत अपील करायचे, आणि ते साठ दिवसांत निकाली निघायला हवे. मुळात प्रमाणपत्रच नाकारले, तर कारण लेखी देणे बंधनकारक आहे. तेव्हा 'होत नाही, जा' हा निकाल नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

अर्ज लिहायला बसलो आणि जुन्या सवयीने 'मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन' असे लिहून गेलो. मग थांबलो आणि ते शब्द खोडले. कृपा कसली? हक्क आहे तो! लिहिले एवढेच : सोबतच्या नोंदी पाहून फेरतपासणी व्हावी.

फेरतपासणीला बोलावणे आले. त्या दिवशीही पोर आपल्या पायांनीच चालत गेली. फक्त या खेपेस काखेत वही होती. डॉक्टरांनी ती पानोपान चाळली, दोन-चार प्रश्न विचारले. टक्केवारी चाळीसच्या वर गेली. पुढे उत्पन्नाचा दाखला, तहसील कचेरीच्या खेपा, बँकेचे खाते, हा सोपस्कार झालाच. पण अनुदान सुरू झाले. दिव्यांगांना ते दरमहा १,५०० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्याचा निर्णय झाला.

'आमच्या घरात नाही बाई असले काही,' असे म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. त्या एकवीस प्रकारांत कंपवात आहे, मल्टिपल स्क्लेरोसिसही आहे. चहाचा कप धरताना आजोबांचा हात थरथरतो तो 'वयामुळे' म्हणून आपण सोडून देतो. आणि डॉक्टरांनी नाव सांगितले तरी लोक काय म्हणतील म्हणून कागद कपाटात दडवतो. दडवू नका. वाईट दिवस कोणाला नको असतात. पण आलेच तर त्यांची नोंद ठेवा. चांगल्या दिवशी तीच साक्ष देते.

आमचे खामगाव कापसाचे आणि चांदीचे गाव. लक्ष्मीपूजनाला पेढीपेढीवर चोपड्यांना हळदकुंकू वाहतात. परवा बाई ती वही घेऊन आल्या. जुनी पाने भरली, नवी शिवून हवी होती. जाताना म्हणाल्या, "भाऊ, यंदा आमीबी वही पुजणार हाओ."

पुजा, बाई. त्या चोपड्यांत जमाखर्च असतो. तुमच्या वहीत सगळा खर्चच. पण लक्ष्मी तिच्यावरही प्रसन्न होते, हे आता मी डोळ्यांनी पाहिले आहे.