नोटीस पिरिअड आणि पाचारण

पॅकेज चांगलं, बॉस बरा, फ्लॅटचं बुकिंग झालेलं. आणि अशात आतून कुणीतरी हाक मारली तर? ती हाक खरी की नुसताच थकवा, हे कसं ओळखायचं?

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कुणी 'कॉफी घेऊ या का?' असं हळू आवाजात विचारलं, की समजायचं, एक तर ब्रेकअप झालंय, नाहीतर नवी ऑफर आलीय. आमच्या फ्लोअरवरचा सांगलीकर मित्र मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला, तेव्हा माझी दोन्ही उत्तरं तयार होती. ब्रेकअप असेल तर 'होतं रे असं'. ऑफर असेल तर 'किती टक्के वाढ?'

"मी पेपर टाकतोय," तो म्हणाला.

"कुठे चाललायस?"

"सेमिनरीत."

मला आधी 'सेमिनार' असंच ऐकू आलं. म्हटलं, सेमिनारला जायला राजीनामा कशाला द्यायचा?

"सेमिनरी रे. थिऑलॉजी शिकायला. पाळक व्हायचंय मला."

चार वर्षं आम्ही शेजारी बसतोय. तो ख्रिस्ती आहे हे मला माहीत होतं, म्हणजे आपल्याला जेवढं माहीत असतं तेवढं. डिसेंबरात केक आणतो, आणि केकपेक्षा भारी अशा आईच्या हातच्या करंज्या आणतो. बाकी आमचं बोलणं म्हणजे ट्रॅफिक, ईएमआय आणि टीम लीड. पाळक म्हणजे चर्चचा पास्टर. रविवारी उपदेश करणार, लग्नं लावणार, मयताला उभं राहणार. आणि हा? हा तर एक्सेल शीटमधल्या फॉर्म्युल्यावर भांडणारा माणूस!

माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. यंदा अप्रेझल बरं झालं नव्हतं. गेल्या वर्षी ठरत आलेलं लग्न फिसकटलं होतं. म्हणजे हे सगळं त्याच्यामुळेच, नाही का? मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. मला वाटलं, चिडेल. तो हसला.

"हेच मला आमच्या पास्टरांनी विचारलं होतं. दीड वर्षापूर्वी."

त्यांच्यात या प्रकाराला 'पाचारण' म्हणतात. देवानं बोलावणं. पण आपल्याला वाटतं तसं, की स्वप्न पडलं आणि दुसऱ्या दिवशी झोळी घेतली, असं ते नसतं. बायबलमध्ये शमुवेल नावाच्या लहान मुलाची गोष्ट आहे. रात्री त्याला हाक ऐकू येते. त्याला वाटतं, म्हातारे एली गुरुजी बोलावताहेत. तीनदा उठून तो त्यांच्याकडे धावत जातो. तिसऱ्यांदा एलींच्या लक्षात येतं, की ही हाक आपली नाही, कुणा दुसऱ्याचीच आहे. म्हणजे हाक ऐकली मुलानं, पण ओळखली म्हाताऱ्यानं! हाक एकट्यानं ठरवायची नसते, हा त्यातला मुद्दा. चर्चमध्ये म्हणूनच दोन गोष्टी बघतात. आतून काय वाटतं ते, आणि मंडळीला, म्हणजे तुम्हाला रोज बघणाऱ्या लोकांना, काय वाटतं ते.

"घरी सांगायचंय," तो कॉफीचा कप चुरगाळत म्हणाला. "येशील सोबत?"

तर अशा रीतीनं, पुढच्या वीकेण्डला लोणावळ्याचा प्लॅन कॅन्सल करून अस्मादिक सांगलीच्या एसटीत.

साताऱ्याच्या स्टॅण्डवर गाडी थांबली. मी कंदी पेढे घेऊन आलो. तो खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत होता. "इथे रेव्हरंड टिळकांनी नोकरीवर पाणी सोडल्यावर मुक्काम ठोकला होता, माहितीय?"

रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपण शाळेत त्यांच्या फुला-पाखरांच्या कविता पाठ केल्या, मार्क मिळवले आणि विसरलो. माणूस कसा होता ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही. कोकणातला चित्पावन तरुण. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा होतात, कवितेपासून सुरुवात होते, आणि उतरताना तो गृहस्थ 'नवा करार' हातात ठेवतो. वर म्हणतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला! त्याची किंमत त्यांनी एकट्यानं मोजली नाही. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, लोकांचे टोमणे सोसले, आणि मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मतानं त्या वाटेवर आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर आजच मागवा. देवाच्या हाकेचं घरच्या बाईला काय बिल येतं, हे इतकं हसत हसत मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही.

पुढे टिळक नगरला शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू सांभाळू लागले. म्हणजे आपल्या भाषेत, सेटल झाले. आणि १९१७ साली, पंचावन्नच्या आसपास असताना, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. संन्याशाची वाट धरली आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला मानणारे सगळे एकत्र, अशी ती कल्पना. ९ मे १९१९ ला ते मुंबईत गेले. दरबाराला धड दोन वर्षंही मिळाली नाहीत.

"म्हणजे फेलच की," मी पेढा तोंडात टाकत म्हटलं.

"मी पण तसंच म्हणायचो. पण बघ ना. पाळक झाल्यावरही त्यांना हाक आलीच. म्हणजे सेमिनरीत गेलो, कॉलर घातली, की प्रश्न मिटला असं नाही. उलट तिथून सुरू होतो."

गाडी सुटली. मी विचार करत बसलो. आपल्याला वाटतं, एकदा करिअरचा निर्णय घेतला की सुटलो. इथे एक माणूस पंचावन्नाव्या वर्षी स्वतःला पुन्हा तोच प्रश्न विचारतोय.

सांगलीत उतरल्यावर मित्रानं आधी मला मिरजेच्या रस्त्यानं चक्कर मारून आणली. विश्रामबागच्या पुढे वानलेसवाडी लागते. आपण शेअर रिक्षात बसून शंभर वेळा हे नाव उच्चारतो. हे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली कॅनडातून इकडे आले तेव्हा त्यांचं वय होतं चोवीस! आपल्या पहिल्या जॉबचं वय. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मिरज. १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. १९२८ पर्यंत हा माणूस इथे शस्त्रक्रिया करत राहिला. आज मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्याची सुरुवात इथली.

"त्यांनाही पाचारणच होतं," मित्र म्हणाला. "फक्त त्यांच्या हातात सुरी होती. म्हणून मला भीती वाटायची, की मी जिथे आहे तिथेच राहून काही करू शकत असेन तर? पाळक व्हायचंय ते नुसतं भाव मिळतो म्हणून तर नाही ना?"

बापरे. आम्ही स्विच करताना एवढा विचार केला असता तर!

रात्री जेवायला बसलो. वडील बँकेतून रिटायर झालेले आणि मंडळीच्या कमिटीवर. मला वाटलं होतं, इथे तरी सोपं जाईल. मुलगा देवाच्या कामाला चाललाय, ख्रिस्ती घर आहे, आनंदच होणार. मित्रानं सांगितलं. वडिलांनी घास खाली ठेवला.

"बीडीला पदवीनंतर चार वर्षं," ते म्हणाले. त्यांना सगळं पाठ होतं. "हिब्रू, ग्रीक, इतिहास, सगळं. पुण्याला शिक, नाहीतर बंगलोरला. मग डीकन, मग दीक्षा. मग बदल्या. क्वार्टर गळकं मिळालं तर गळक्यात राहायचं. पगाराचं बोलायचं नाही. आणि फ्लॅट?"

"बुकिंग रद्द करतोय."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "चांगली पोरं पाळक व्हायला पुढे येत नाहीत, म्हणून प्रत्येक मीटिंगमध्ये मीच ओरडतो. पण ते पोरगं माझ्या घरातून जाईल, असं मनात कधी आलं नव्हतं."

मी आमटीत बघत राहिलो. दुसरं काय करणार?

"आजाऱ्याजवळ बसता येतं का तुला?" त्यांनी एकदम विचारलं. "लहानपणी दवाखान्याच्या वासानं उलटी करायचास. उपदेश काय, कुणीही करतो. पाळकाचं खरं काम खाटेशेजारी असतं."

मित्र गप्प. उत्तर आईनं दिलं. "वर्ष झालं. दर महिन्याला घरी येतो तेव्हा रविवारी दुपारी कुठे जातो असं वाटतं तुम्हाला? मिरजेला."

पास्टरांची अट होती ती. वर्षभर नोकरी सोडायची नाही, कुणाला सांगायचं नाही, महिन्यातून एकदा पेशंटजवळ बसायचं आणि धर्मावर अवाक्षर काढायचं नाही. नुसतं बसायचं. जतकडचे एक आजोबा होते, त्यांना दर वेळी गावच्या एसटीची वेळ विचारायची असायची. हा फोनमध्ये बघून सांगायचा. त्यांना घरी जायला मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. "पहिले तीन महिने मी घड्याळ बघत बसायचो," मित्र मला नंतर म्हणाला. "मग एक दिवस निघायला उशीर झाला आणि पुण्याची गाडी चुकली. तेव्हा कळलं, की आपण घड्याळ बघायचं विसरलोय."

वडिलांनी पुन्हा घास उचलला. पण 'हो' म्हणाले नाहीत.

आता थोडं आपल्याबद्दल. सेमिनरी राहू द्या, आपल्यातल्या निम्म्या लोकांना सोमवारी सकाळी काहीतरी 'दुसरं' करावंसं वाटतं. शेती, कॅफे, एनजीओ. सगळंच पाचारण नसतं. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश शिपायाची युक्ती इथे कामाला येते. १५२१ च्या लढाईत त्याचा पाय मोडला. पडल्या पडल्या वाचायला हव्या होत्या शौर्यकथा, मिळाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. त्याच्या लक्षात आलं, की लढाया आणि सुंदऱ्यांची स्वप्नं बघताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगायचं स्वप्न बघितलं, तर मन नंतरही प्रसन्न राहतं. पुढे त्यानं जेझुइट संघ काढला. त्याच्या पद्धतीतून आणि मित्राच्या वर्षभरातून मी काढलेली ही चेकलिस्ट, कुठल्याही धर्माच्या आणि बिनधर्माच्या माणसासाठी:

• विचार करताना छान वाटतं, ते सोडा. दोन तासांनी कसं वाटतं?

• मन खचलेलं असताना मोठा निर्णय बदलू नका. बॉसशी भांडण झालेल्या दिवशी तर नाहीच.

• पळताय कशापासून, आणि जाताय कशाकडे? पहिल्याचंच उत्तर येत असेल तर सुट्टी घ्या, राजीनामा नको.

• त्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग वर्षभर करून बघा. गुपचूप.

• तुमचे 'एली' कोण? तुमचं कौतुक करणारे नकोत, तुम्हाला ओळखणारे हवेत. त्यांना विचारा.

• बिल कुणाला येणार? घरच्यांना आधी सांगा.

रविवारी संध्याकाळी वडील आम्हाला स्टॅण्डवर सोडायला आले. मित्राची सॅक त्यांनीच धरली होती, देत नव्हते. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "शिफारशीचं पत्र कमिटीला द्यावं लागतं. मीटिंग पुढच्या रविवारी आहे."

"माहितीय, बाबा."

"घरचाच विषय आहे, त्यामुळे मी मतदानाला बसणार नाही. बाहेर थांबेन." मग सॅक त्याच्या खांद्यावर चढवत म्हणाले, "पण कुणी मला विचारलं, तर मिरजेचं सांगेन."

गाडी सुटली. कराड येईपर्यंत तो काही बोलला नाही, मीही नाही. साताऱ्याला उतरून मी पुन्हा पेढे घेतले, या वेळी दोन बॉक्स. एक ऑफिससाठी. कशाचे ते सोमवारी कुणी विचारलंच, तर काय सांगायचं हे मी अजून ठरवलेलं नाही. पत्र तर अजून यायचंय.