पेनड्राइव्ह, कच्ची वही आणि आजीच्या ओव्या

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला. "पेनड्राइव्ह इजेक्ट होत नाहीये. बिझी आहे म्हणतंय. ओढू का सरळ?"

मी झोपायच्या तयारीत होते. उठून बसले, आधी तीन उद्गारचिन्हं टाकून "नको" कळवलं आणि मग फोन लावला. नवरा दचकून म्हणाला, कुणाकडे काय झालं? म्हटलं, अजून काही झालं नाही, होणार होतं.

तिचं प्रकरण पाच मिनिटांत मिटलं, ते पुढे सांगते. पण त्या निमित्ताने एक जुना किस्सा लिहून टाकते. इतके दिवस टाळला, कारण चूक माझी होती आणि आमचे निम्मे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात.

तर आमचं आजोळ चिपळूणचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मामाच्या घरी खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. कंप्यूटर, सीडींचे डबे, लग्नाचे अल्बम, सगळं चिखलात. वाचलं ते माळ्यावरचं. त्यात कुंकवाच्या एका जुन्या डबीत 4 जीबीचा एक पेनड्राइव्ह निघाला, आणि त्यात आजीच्या ओव्या. 2010 साली मामेभावाने मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या आणि एमपी3 करून ठेवल्या होत्या. तीन फायली. आजी 2012 मध्ये गेली. एका फायलीत ती मध्येच जातं थांबवून "झालं का रे तुझं?" असं विचारते, ते ऐकून आम्ही दर वेळी हसायचो आणि मग गप्प व्हायचो. मामाचा कंप्यूटर पुरात गेल्यामुळे जगात या ओव्यांची ही एवढी एकच प्रत उरली होती.

पुढच्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा मामासाठी माझा जुना लॅपटॉप नेला, लिनक्स टाकून. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत ओव्यांची आठवण झाली. मामा म्हणाला, "तू घेऊनच टाक गं, मला त्यात भजनं भरायचीत." एसटीची वेळ झालेली. मी माझा 64 जीबीचा नवाकोरा पेनड्राइव्ह लावला, तिन्ही फायली "कट" केल्या आणि "पेस्ट" केल्या. सगळ्या मिळून 40 एमबी. ती हिरवी पट्टी आली तशी गेली. मी ड्राइव्ह ओढला, पर्समध्ये टाकला आणि स्टँडवर पळाले.

पुण्याला येऊन बघते तर तिन्ही नावं जागच्या जागी. आकार शून्य बाइट.

आता हे कसं झालं ते नीट सांगते, कारण "कंप्यूटरने खाल्लं" असं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. जुन्या किराणा दुकानांत दोन वह्या असायच्या. गिऱ्हाइकांची गर्दी असताना मालक कच्च्या वहीत भराभर टिपून घ्यायचा आणि रात्री दुकान बंद केल्यावर सगळं पक्क्या खात्यात उतरवायचा. लिनक्स तेच करतं. तुम्ही पेनड्राइव्हवर फाइल टाकलीत की ती आधी मेमरीत ठेवली जाते, पेनड्राइव्हवर सवडीने उतरते. ही सवड साधारण अर्ध्या मिनिटाची असते, आणि मेमरीत तुंबलेला माल फार झाला तर त्याआधीही लिखाण सुरू होतं. ती हिरवी पट्टी भरली याचा अर्थ कच्च्या वहीत नोंद झाली, एवढाच. पक्कं खातं कोरं असू शकतं. माझं होतं. मी कच्ची वही चिपळूणला सोडून पक्की घेऊन आले आणि मागे मामाने लॅपटॉप बंद केल्यावर कच्ची वही पुसली गेली.

यातला खरा विनोद पुढेच आहे. मामाचा जुना ड्राइव्ह एफएटी32 पद्धतीचा. अशा ड्राइव्हला बरेचसे लिनक्स डेस्कटॉप "फ्लश" नावाचा पर्याय लावून जोडतात, म्हणजे त्यावरचं लिखाण लवकर उरकतं. माझा 64 जीबीचा ड्राइव्ह एक्सएफएटी, त्याला ही सोय नव्हती. म्हणजे जुन्या ड्राइव्हवरून ओव्या पुसण्याचं काम तत्परतेने झालं आणि नव्यावर लिहिण्याचं काम राहून गेलं. सरकारी कचेरीत नाव कमी करणारा टेबल आणि नाव चढवणारा टेबल वेगळा असतो ना, तसं.

मी "डीमेसेज" चालवून बघितलं. कर्नल आत काय बडबडतंय ते या कमांडने दिसतं, आणि पेनड्राइव्हचं काहीही बिघडलं तर माझ्या मते पहिली भेट याचीच घ्यावी. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की हा ड्राइव्ह नीट अनमाउंट केलेला नाही, काही डेटा खराब असू शकतो, एफएससीके चालवा. एफएससीके चालवायला हात शिवशिवतात. पण ते ड्राइव्हचा हिशेब जुळवतं, तुमच्या फायलीची काळजी त्याला नसते. डेटा हवा असेल तर आधी त्याची प्रत काढायची, दुरुस्ती नंतर. माझ्या ड्राइव्हवर तर दुरुस्त करायलाही काही नव्हतं. ओव्या तिथे कधी पोचल्याच नव्हत्या.

मग लक्षात आलं. जुना ड्राइव्ह!

एफएटीवर फाइल पुसली म्हणजे काय होतं, तर यादीतल्या तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी "ही गेली" अशी खूण होते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. आतला मजकूर तसाच पडून असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि मामाला भजनं भरायची होती.

फोन लावला. "मामा, तो जुना पेनड्राइव्ह कुठाय?"

"हा काय, लावलाय ना. तुलाच फोन करणार होतो. ते पेस्ट कुठे असतं गं यात?"

मला आयुष्यात मामाचं कंप्यूटर-अज्ञान इतकं प्रिय कधी वाटलं नव्हतं. म्हटलं, "मामा, कशालाही हात लावू नकोस. इजेक्ट कर, काढ आणि परत कुंकवाच्या डबीत ठेव." त्याने काही न विचारता केलं. खरं कारण मी त्या दिवशी सांगितलं नाही. आठ दिवसांनी मामेभाऊ पुण्याला येताना डबी घेऊन आला.

पुढचं काम एका रविवारी केलं. आधी "एल-एस-बी-एल-के" चालवून कुठला ड्राइव्ह कुठल्या नावाने दिसतोय ते दोनदा बघितलं, कारण ही नावं लावण्याच्या क्रमाने बदलतात आणि चुकीच्या नावावर कमांड चालवून स्वतःची हार्ड डिस्क धुऊन काढणारे शूरवीर कमी नाहीत. मग डीडी-रेस्क्यू वापरून अख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत माझ्या डिस्कवर काढली आणि डबी कपाटात ठेवून दिली. इथून पुढे जे काही करायचं ते प्रतीवर. त्या प्रतीवर टेस्टडिस्क चालवलं. पुसलेल्या फायली त्यात लाल रंगात दिसतात. भजनं, कुणाचा तरी बायोडेटा, पूजेच्या सामानाची यादी, आणि त्यांच्यात तीन ओळी आजीच्या.

दोन फायली अख्ख्या परत आल्या. "झालं का रे तुझं?" आलं. तिसरीत पहिली सात मिनिटं आजी गाते आणि मग एकदम एका सिनेमातलं गाणं सुरू होतं. फाइल ठेवताना तिचे तुकडे वेगवेगळ्या जागी पडले होते, कुठला तुकडा कुठे याची साखळी पुसताना गेली, आणि शेजारच्या जागेत कधीकाळी पुसलेलं ते गाणं होतं. फोटोरेक नावाचं दुसरं हत्यारही चालवलं. उरलेला भाग सापडला नाही.

आता माझं मत. आमच्या लिनक्सवाल्या मंडळींत असा किस्सा सांगितला की ठरलेलं उत्तर येतं, "इजेक्ट का नाही केलंस?" बरोबर आहे. मी केलं नाही, मी कबूल करते. त्याहून मोठी चूक म्हणजे एकमेव प्रतीवर "कट" वापरलं. पण वीस वर्षं लिनक्स वापरणारी बाई एसटीच्या घाईत विसरत असेल तर सत्तरीतल्या मामाने काय करावं? पट्टी "झालं" म्हणते आणि झालेलं नसतं, हा माझ्या दृष्टीने खोटेपणा आहे, आणि तो वापरणाऱ्याच्या माथी मारणं बरं नाही. "लिहिणं चालू आहे, ड्राइव्ह काढू नका" अशी सूचना डेस्कटॉप देतो खरा, पण इजेक्ट दाबल्यावर. ज्याला दाबायचं सुचतं त्यालाच ती दिसते. 2013 साली कर्नलवाल्यांमध्ये याच तुंबलेल्या लिखाणावर चर्चा झाली होती. किती तुंबू द्यायचं ते मेमरीच्या टक्केवारीत ठरतं, आणि ही पद्धत मेमरी काही मेगाबाइट असायची त्या काळातली आहे, हे खुद्द लिनस टोरवाल्ड्सनी मान्य केलं होतं. 8 जीबीच्या मशीनवर हिशेब केलात तर जीबीभर माल सहज कच्च्या वहीत राहू शकतो.

विंडोजने 2018 च्या एका आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी "चटकन काढता येईल" ही पद्धत मूळ ठेवली. थोडं हळू चाललं तरी चालेल पण कच्ची वही नको, असा हिशेब. (लिहिणं चालू असताना ओढलंत तर तिथेही मरण आहेच.) मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. हे वाचून आमचे काही ब्लॉगमित्र रागावतील, रागवा. कुणी म्हणेल "सिंक" पर्याय लावून माउंट कर. करून बघितलं. मोठी फाइल टाकताना चहा होतो, पिऊन होतो, आणि पुन्हापुन्हा लिहून फ्लॅशचं आयुष्यही कमी होतं. तो इलाज नाही. पट्टीने खरं बोलावं, एवढंच माझं मागणं आहे. पक्क्या खात्यात उतरल्यावरच तिने "झालं" म्हणावं.

मावसबहिणीचं राहिलंच. "बिझी" म्हणजे त्या ड्राइव्हवरचं काहीतरी कुणीतरी उघडं ठेवलंय. बहुतेक वेळा तो फोटो दाखवणारा प्रोग्रॅम असतो किंवा त्या फोल्डरात उभी असलेली टर्मिनलची खिडकी. "एल-एस-ओ-एफ" आणि ड्राइव्हचा पत्ता टाकला की गुन्हेगाराचं नाव समोर येतं. तिच्याकडे मुलीच्या बारशाचा एक व्हिडिओ मागे कुठेतरी पॉज करून ठेवलेला होता. तो बंद केला, इजेक्ट झालं. नेटवर "लेझी अनमाउंट" करा असा सल्ला मिळतो, तो मात्र घेऊ नका. त्याने ड्राइव्ह यादीतून दिसेनासा होतो, उघड्या फायलींचं काम मागे चालूच राहतं आणि तुम्ही निश्चिंतपणे ओढता. (कमांड हाताने टाइप करणाऱ्यांनी अनमाउंटमधला पहिला "एन" गाळायचा. का ते विचारू नका, तसंच आहे.)

असो. ओव्या आता माझ्या डिस्कवर, बहिणीकडे आणि क्लाउडवर अशा तीन ठिकाणी आहेत. मामाला मी शेवटी खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझी भजनं राहिली ती बरंच झालं की." त्याला भजनांसाठी नवा ड्राइव्ह घेऊन दिला, जुना डबीतच आहे.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. मामेभावाने 2010-11 च्या सुमारास ती रेकॉर्डिंग्ज काही जणांना ब्लूटूथने पाठवली होती असं त्याला आठवतंय, कुणाला ते आठवत नाही. तेव्हाचा एखादा बंद पडलेला मोबाइल, मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्ह कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल तर मला कळवा. मला हवीय ती तिसरी फाइल, सातव्या मिनिटाच्या पुढची. उघडून बघू नका, काही कॉपी करू नका, कंप्यूटरने फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा. आहे तसं पाकिटात घालून पाठवा, कुरिअरचे पैसे मी देईन.