रंध्याच्या पात्याचा कोन : कंपासपेटीबाहेरची भूमिती



सहावीला आपण कोन शिकवतो. मुलं कोनमापक ठेवतात, 45 अंश मोजतात, खाली दोन रेघा मारतात आणि विषय संपतो. हा 45 अंशांचा कोन गावात कुठे रोज कामाला येतो, हे मी कितीतरी वर्षं कधी विचारलंच नव्हतं. मला ते एका विद्यार्थ्याने दाखवलं.

आमच्या शाळेच्या आवारातला कडुनिंब वादळात पडला. आरागिरणीतून फळ्या काढून आणल्या, वर्षभर सावलीत वाळवल्या. वाचनकोपऱ्यासाठी फळी करायची म्हणून मी उत्साहाने रंधा हातात घेतला. गुळगुळीत व्हायच्या ऐवजी फळीवर ओरबाडल्यासारखे खड्डे पडू लागले. दिशा बदलली, तर आधी चांगला झालेला पट्टा उखडला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, निंब दोन्हीकडून उपटते. याले उभ्या पात्याचा रंधा लागते."

त्याचे वडील सुतारकाम करतात. हा मुलगा गणितात 'कच्चा' म्हणून माझ्या वहीत नोंदलेला होता.

दुसऱ्या दिवशी वडील दोन रंधे घेऊन आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "गुरुजी, आधी लाकूड पाहा लागते, मंग रंधा." सागवानाचे तंतू बहुतेक सरळ असतात, त्यामुळे एका दिशेने रंधा छान चालतो. कडुनिंबात तंतूंचे थर एकाआड एक उलटसुलट तिरपे गेलेले असतात. कुठूनही रंधा मारा, एखादा पट्टा उलटाच येतो. शिसवात आणि गाठीच्या आसपासही हाच त्रास.

तंतू उपटतात ते का? पातं जास्त आडवं असलं की ते पाचरीसारखं तंतूंखाली शिरतं आणि त्यांना वर उचलतं. तंतू उलटे असतील तर चीर पात्याच्या पुढे, पृष्ठभागाच्या खाली धावते आणि तुकडा निघतो. पातं जास्त उभं केलं की सालपट उचललं जाण्याआधीच मोडतं, चीर खाली जात नाही. बाजारातल्या बहुतेक लोखंडी रंध्यांत पातं 45 अंशांत बसतं. अवघड लाकडासाठी ते 50, 55, कधी 60 अंशांपर्यंत उभं ठेवतात. मुलांनी मिस्त्रीकाकांच्या दुसऱ्या रंध्याला कोनमापक लावला, तर तो 55च्या आसपास निघाला. त्यांनी स्वतः तो कधी अंशांत मोजला नव्हता!

पण उभं पातं फुकट मिळत नाही. ढकलायला जोर जास्त लागतो, धार लवकर जाते आणि मऊ लाकडावर सफाई उलट कमी येते. म्हणून काका आधी बाकीचे उपाय करतात: धार ताजी करायची, पातं अगदी थोडं बाहेर काढायचं, पात्यावरची दुसरी पट्टी धारेच्या जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत आणायची. एवढं करूनही उपटलं, तरच उभा रंधा. एका उपायाने सगळं सुटत नाही, हा धडाही मुलांना तिथेच मिळाला.

त्यातून निघालेली ही उदाहरणं वर्गात जरूर घ्या. यात पात्याच्या धारेचा उतार खालच्या बाजूला आहे.

1. पातं 45 अंशांत बसलं आहे, धारेचा उतार 30 अंश. मागे लाकूड आणि उतार यांत किती जागा उरली? (45 − 30 = 15 अंश)
2. उतार 30 ऐवजी 25 केला, तर कापण्याचा कोन बदलेल का? (नाही, तो 45च राहतो. फक्त मागची जागा वाढते. इथे मोठी माणसंही चुकतात.)
3. कापण्याचा कोन 55 हवा, पण रंधा 45चाच आहे. काय कराल? (पात्याच्या सपाट, वरच्या बाजूला धारेशी 10 अंशांचा बारीक उतार द्यायचा.)

आता पालकांचा प्रश्न: "आम्ही पोराले सुतार बनवाले शाळेत धाडतो का?" नाही. पण 1937 साली आपल्या विदर्भातल्याच वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली, तेव्हा मुद्दा हाच होता की हात आणि डोकं वेगळं शिकवू नये. 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला सांगतं. ते दहा दिवस फोटो आणि अहवालापुरते उरू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. सुताराच्या मुलालाच रंधा आणि बाकीच्यांना पुस्तक, असं कदापि करू नका. कौशल्य जातीला चिकटवण्याची चूक आपल्या समाजाने पुष्कळ केली आहे. रंधा सगळ्या मुलामुलींच्या हातात द्या, पातं काढणं-बसवणं मात्र मोठ्यांनीच करावं. आणि बोलावलेल्या कारागिराला चहावर परत पाठवू नका. तो त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. मानधन द्या, फळ्यावर त्याचं नाव लिहा.

ती फळी आता वाचनकोपऱ्यात आहे. मी उखडलेला एक पट्टा काकांना मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला. आणि माझ्या वहीतला 'कच्चा' हा शेरा मी खोडला. त्या मुलाला कोन येत होता. तो मोजायची संधी मीच दिली नव्हती.

तुमच्या गावातल्या सुताराच्या रंध्याचा कोन किती आहे? मुलांना घेऊन जा, मोजा.