खेळातला तंटा आणि त्याचा निवाडा

अमेरिकेतील शिकागो शहराच्या पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरवर नेपरव्हिल नावाचे गाव आहे. गाव म्हणायचे ते केवळ सवयीने. दीड लाखाच्या आसपास वस्तीचे ते शहर आहे आणि त्यात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. शेजारच्या अरोरा येथे बालाजीचे मोठे मंदिर आहे. मराठी घरेही त्या बाजूस बरीच आहेत. त्या घरांतील मुले खेळतात अशा एका खेळाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. मुलांच्या खेळासाठी पानाची जागा कशाला अडवता, असे कोणी वडीलधारे विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे, की या खेळात तंटा पडला म्हणजे तो कसा मिटवावा याची जी रीत त्या मुलांनी अंगी बाणवली आहे, ती आपल्या बेटावरील मंडळ्यांच्या सभांत आम्हांला क्वचितच पाहावयास मिळते.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. तो १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. गायगॅक्स विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावचा. नेपरव्हिलहून मोटारीने दीड-दोन तासांची वाट. एका खोक्यात तीन पुस्तिका घालून पहिल्या हजार प्रती विकावयास काढल्या होत्या. आज हा खेळ जगभर पसरला आहे आणि अमेरिकेतील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांसाठी त्याच्या बैठका भरतात. १९८० च्या दशकात तेथील काही पालकांनी या खेळाविरुद्ध मोठी ओरड केली होती, की त्यात भुतेखेते आणि जादूटोणा आहे, मुले बिघडतील. ती ओरड आता विरली आहे. वेताळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना तिचे नवल वाटेल.

हा खेळ पटावर सोंगट्या सरकवण्याचा नव्हे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. त्यांतला एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, "तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत कोणीतरी श्वास घेत आहे." मग ज्याने त्याने आपले पात्र काय करते ते सांगायचे. जेथे यश येईल की नाही याची शंका असेल, तेथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. कोकणातले दशावतारी नाटक ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लवकर समजेल. तेथेही लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते आणि संवाद नट तेथल्या तेथे रचतात. फरक एवढाच, की दशावतारात शेवटी कोण मरणार हे नटांना आणि प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असते. येथे ते सूत्रधारालाही ठाऊक नसते.

आणि म्हणूनच तंटे होतात. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने लिहून काढले, कारण एका गावचा खो-खो दुसऱ्या गावी चालेना. एकदा नियम लिहिले म्हणजे पंचाला फारसा प्रश्न उरत नाही. खांबापासून खांबापर्यंत धावायचे, पाठीवर खो द्यायचा. खेळाडू खांबावर चढून बसला तर काय, असे कोणी विचारीत नाही. लुडोमध्ये लागोपाठ तीन वेळा सहा पडले तर डाव जातो की राहतो, यावर घराघरांत भांडण आहे. पण तेवढेच एक-दोन मुद्दे. या नव्या खेळात मात्र खेळाडूला काहीही करून पाहण्याची मुभा आहे. तो राक्षसाशी लढेल, त्याला लाच देईल, नाहीतर गुहेच्या तोंडाशी मिरच्यांची धुरी करील. पुस्तके तीनशे-तीनशे पानांची आहेत, तरी मिरच्यांच्या धुरीचा नियम त्यांत नाही. पुस्तक केव्हा ना केव्हा संपणारच, आणि ते संपले म्हणजे कोणीतरी माणसाने बोलावे लागते.

पुण्याहून नेपरव्हिलला जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. त्यांच्या घराच्या तळघरात मुलांचा खेळ चालला असता आम्ही एक संध्याकाळ बसून पाहिला. सूत्रधार होती चौदा वर्षांची मुलगी. दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा भुयारात शत्रू दडले होते. जादूगार झालेल्या मुलाने साठ फुटांवरून त्यांच्यावर अग्निगोल फेकला. शत्रू जळाले. तोच दुसरा एक मुलगा म्हणाला, "आपणही जळलो."

त्या मुलाकडे वडिलांचे १९७८ सालचे जुने नियमांचे पुस्तक होते. या जुन्या खेळाप्रमाणे अग्निगोल म्हणजे वीस फूट त्रिज्येचा ज्वाळेचा गोळा, आणि तो ज्या जागेत फुटेल तिचा आकार घेतो, घनफळ मात्र कायम राहते. वाचकांनी हिशेब करून पाहावा. अशा गोळ्याचे घनफळ सुमारे ३३,००० घनफूट होते. ते दहा फूट बाय दहा फुटांच्या भुयारात कोंबले तर ज्वाळा ३३० फूट लांब पसरते, म्हणजे दोन्ही बाजूंना १६५ फूट. साठ फुटांवर उभे असलेले सगळे मित्र जळून जातील. उलट २०१४ सालच्या पुस्तकात अग्निगोल वीस फुटांच्या पलीकडे जात नाही. कोपऱ्याआड वळतो, पण पसरत नाही. म्हणजे एकाच खेळाची दोन अधिकृत पुस्तके, आणि चार जणांचे मरण वा जगणे त्यांतले कोणते उघडावे यावर अवलंबून. गंमत अशी, की हरकत घेणाऱ्या मुलाचे म्हणणे मान्य झाले असते तर त्याचा स्वतःचा योद्धाही मेला असता. दोन वर्षे सांभाळलेले ते पात्र होते. असे असूनही तो आपल्या मुद्द्यावरून हटला नाही, याचे आम्हांला कौतुक वाटले.

मुलीने अर्धा मिनिट विचार केला आणि सांगितले, "आपण नवे पुस्तक धरून खेळायचे ठरवले होते. कोणी जळले नाही. पुढे चला. बाकीचे नंतर बोलू." एका वहीत तिने दोन ओळी लिहिल्या आणि खेळ पुढे सुरू झाला.

खेळ संपल्यावर ती विसरली नाही. तिने वही उघडली. पाव तास मुलांनी वाद घातला, आणि तो ऐकण्यासारखा होता. अरुंद जागी आग लांब धावते हे खरेच आहे, असे सर्वांना पटले. पण १६५ फूट फार होतात, मग तर कोणी अग्निगोल फेकणारच नाही, असेही निघाले. शेवटी ठरले ते असे: पुढच्या खेपेपासून अरुंद भुयारात ज्वाळा चाळीस फूट जाईल, शत्रूच्या अग्निगोलालाही हाच नियम, आणि आज जे झाले ते झाले, त्यात बदल नाही.

या शेवटच्या कलमाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. नियम बदलला, पण पुढच्यासाठी बदलला. ज्याने साठ फुटांवरून अग्निगोल फेकला त्याने आपण सुरक्षित आहोत हे जाणून फेकला होता. फासा पडल्यावर त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणे हा अन्याय झाला असता.

ही रीत त्या मुलीने शोधून काढली असे आम्ही म्हणत नाही. तिची मुळे फार लांब आहेत. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायची लढाई तयार केली. तिच्यात फासे होते, कोष्टके होती आणि निवाडा देणारा पंच होता. पुढे अधिकारी त्या कोष्टकांना कंटाळले, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा याने मत मांडले, की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते खरे. त्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स टॉटन या सैन्याधिकाऱ्याचे असेच पुस्तक निघाले. ते मिनेसोटातील डेव्हिड वेसली या तरुणाच्या हाती आले, आणि त्याने मांडलेल्या खेळांत भाग घेणाऱ्यांपैकी एक आर्नेसन होता. गायगॅक्सने १९७९ साली सूत्रधारांसाठी जे जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात शेकडो कोष्टके भरली आणि शेवटी सांगितले, की अक्षरापेक्षा खेळाचा भाव मोठा, आणि अखेरचा शब्द सूत्रधाराचा. त्याच वर्षी ड्रॅगन नावाच्या त्यांच्या मासिकात 'सेज ॲडव्हाइस' हे सदर सुरू झाले. नियमांविषयीच्या शंका वाचक पत्राने विचारीत आणि मासिक उत्तर देई. उत्तर छापून येईपर्यंत महिने जात. तोवर भुयारात उभ्या असलेल्या योद्ध्याने काय करावे? म्हणून टेबलावरचा निवाडा टेबलावरच व्हावा लागतो.

कोणी म्हणेल, ही तर सूत्रधाराची हुकूमशाही झाली. वही नसती तर झाली असती. पंचाच्या एका शब्दावर सगळे सोपवले म्हणजे तो आज एक बोलतो आणि उद्या दुसरे. लिहून ठेवले की त्याला स्वतःच्याच शब्दाने बांधून घ्यावे लागते.

आता आपल्या घरची गोष्ट. फाशांच्या खेळातला सर्वांत मोठा तंटा आपल्या महाभारतातच आहे. सभापर्वात दाव लावतो दुर्योधन आणि फासे टाकतो शकुनी. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे रीतीला धरून नाही, असे युधिष्ठिराने खेळाच्या आरंभीच म्हटले होते, पण कोणी निवाडा दिला नाही आणि तोही तसाच खेळायला बसला. पुढे तो स्वतःला हरला, आणि त्यानंतर त्याने द्रौपदीला पणाला लावले. द्रौपदीने विचारले, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? प्रश्न किती नेमका आहे पाहा! भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. द्रोण गप्प. विदुराने सभेला विनवले, की प्रश्नाचे उत्तर द्या. धृतराष्ट्राचा मुलगा विकर्ण, वयाने धाकटा, तो एकटा उठून म्हणाला, ती जिंकली गेलेली नाही, आणि त्याने कारणेही दिली. कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प बसवले. त्या सभेत शास्त्र जाणणाऱ्यांची वाण नव्हती. निवाडा देण्याची तयारी असलेला माणूस मात्र आसनांवर बसलेल्यांत एकही नव्हता. शेवटी अपशकुन झाले तेव्हा धृतराष्ट्राने घाबरून वर दिले, आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

आपल्या बेटावरील एका मंडळीत (नाव आम्ही सांगत नाही, आणि वाचकांनीही तर्क करू नये) वार्षिक निवडणूक झाली. मते मोजून झाली, आणि मग एकाने विचारले, की ज्यांनी वर्गणी उशिरा भरली त्यांना मत होते काय? घटनेत वर्गणीची तारीख होती. उशीर झाल्यास काय, ते नव्हते. अध्यक्षांनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, समिती पाहील. समिती म्हणाली, सर्वसाधारण सभा पाहील. एक जाणकार तरुण काही सांगू लागला, त्याला तू कालचा मुलगा म्हणून बसवले. सहा महिन्यांत दोन तट पडले. दोन तटांचे दोन गणपती झाले, त्याचे आम्हांला फारसे वाईट वाटत नाही. गणपती दोन असले तरी चालतात. वाईट याचे वाटते, की झाकरीचे पथक फुटले. दोन्ही बाजूंना मिळून फेर धरण्याइतकी पोरे उरली नाहीत, आणि ज्या म्हाताऱ्याला गाणी पाठ होती तो कोणत्याच घरी जाईना. आपल्या पूर्वजांनी कोकणातून जहाजातून आणलेली ती गाणी. मुलांपर्यंत ती कशी पोहोचवावी या विवंचनेत आपण असताना, वर्गणीच्या तारखेने ती अडवली.

अध्यक्षांनी त्या दिवशी काहीही ठरवले असते तरी चालले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. मत ग्राह्य म्हटले असते तरी, अग्राह्य म्हटले असते तरी. आम्हांला विचाराल तर ग्राह्य धरायला हवे होते, कारण पेटीत पडेपर्यंत कोणी हरकत घेतली नव्हती. पण चूक निवाड्याविरुद्धही पुढच्या सभेत बोलता आले असते आणि नियम सुधारता आला असता. न दिलेल्या निवाड्याविरुद्ध कोठे जायचे?

यंदाच्या वार्षिक सभा आता येतील. आमची सूचना लहान आहे. सभा सुरू होताच अध्यक्षांनी सांगावे, की आज शंका निघाली तर निवाडा मी तेथल्या तेथे देईन, तो आजपुरता चालेल, आणि ज्याला पटणार नाही त्याने महिन्याच्या आत लेखी कळवावे म्हणजे पुढच्या सभेत तो विषय प्रथम घेऊ. चिटणिसांनी निवाड्यांची एक वेगळी वही घालावी. ती वही कोणाच्या घरी राहावी यावरच पहिला तंटा होईल, हे आम्ही जाणून आहोत. तो अध्यक्षांनी सोडवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.